थेरपीचा आलेख दर वेळी चढाच येतो? एकल-व्यक्ती अभ्यासातलं झुकतं माप कुठे शोधायचं

एकल-व्यक्ती अभ्यासात, म्हणजे एकेका व्यक्तीचं पुन्हा पुन्हा मोजमाप घेऊन केलेल्या अभ्यासात, तक्रार बहुतेक एकाच धर्तीची असते. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एखाद्या क्लिनिकात एका मुलाला ‘र’ नीट उच्चारता यावा म्हणून वाचा-थेरपी दिली, दर आठवड्याला शब्द मोजले, आलेख काढला आणि रेघ छान वर गेली. दुसऱ्या मुलाचीही गेली, तिसऱ्याचीही. मग ते काम परिषदेला पाठवलं की परीक्षक एका ओळीत परत करतात: सुधारणा थेरपीमुळेच झाली हे यातून दिसत नाही. नाहीतर तीच पद्धत इचलकरंजीत दुसऱ्या कुणी वापरून बघितली की रेघ जागची हलत नाही.

यात कुणी खोटेपणा केलेला नसतो. घोटाळा मांडणीत असतो. थेरपी देणारी व्यक्तीच शब्द निवडते, थेरपी कधी सुरू करायची ते ठरवते, बरोबर-चूक देते, आलेखही काढते, आणि यातला प्रत्येक निर्णय आधीचे आकडे डोळ्यांसमोर असताना घेते. माल ज्याचा, तराजूही त्याच्याच हातात. अशा वेळी माप जरासं झुकलं तर त्या व्यक्तीला स्वतःलाही ते कळत नाही.

दुरुस्तीचं सूत्र एकच आहे, फक्त ते बऱ्याच ठिकाणी लावावं लागतं. निर्णय आकडे दिसायच्या आधी कागदावर लिहून ठेवा. आधी ठरवता येत नसेल तर चिठ्ठीवर सोडा. चिठ्ठीवरही सोडता येत नसेल तर ज्याला थेरपीचा टप्पा माहीत नाही अशा माणसाकडे द्या.

आधी रचना तपासा

आधी पाच प्रोब (ठरलेल्या शब्दांच्या छोट्या चाचण्या), मग थेरपी, मग दहा प्रोब, अशी नुसती एबी रचना असेल तर पुढचं काही वाचण्याआधी तीच बदला. थेरपी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू झाली आणि त्याच आठवड्यात शाळाही उघडली, तर मुलाचं बोलणं कशामुळे सुधारलं? आलेख याचं उत्तर देऊ शकत नाही. शिक्षणातल्या संशोधनाचा दर्जा तपासणाऱ्या अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसने २०१० मध्ये जे निकष दिले त्यांत परिणाम किमान तीन वेगवेगळ्या वेळी दिसण्याची संधी हवी, आणि प्रत्येक टप्प्यात किमान पाच मोजमापं हवीत, असं म्हटलं आहे. त्या निकषांप्रमाणे तीन मोजमापं असली तर अभ्यास ‘मर्यादांसह’ चालतो, त्याहून कमी असतील तर चालत नाही.

थेरपी देऊन काढून घेण्याची एबीएबी रचना आपल्या क्षेत्रात फार थोड्या ठिकाणी बसते. एकदा आलेला ‘र’ थेरपी थांबवली म्हणून जात नाही, आणि जावा अशी कुणाची इच्छाही नसते. म्हणून मल्टिपल बेसलाइन घ्या: तीन किंवा चार मुलं, सगळ्यांची बेसलाइन (थेरपीआधीचे प्रोब) एकाच वेळी सुरू, थेरपी मात्र वेगवेगळ्या दिवशी. पहिल्याची रेघ चढताना बाकीच्यांची सपाट राहिली, मग दुसऱ्याची त्याच्या थेरपीनंतरच चढली, तर शाळा, हवा, वय ही कारणं आपोआप मागे पडतात.

एकाच मुलात दोन ध्वनींवर ही रचना लावताना एक चूक वारंवार होते. मूल ‘काका’ला ‘ताता’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणत असेल, आणि तुम्ही ‘क’ला थेरपी देऊन ‘ग’ला कंट्रोल, म्हणजे थेरपी न देता तुलनेसाठी, ठेवलंत, तर ‘ग’ थेरपीशिवायच सुधारण्याची दाट शक्यता असते, कारण जिभेचा मागचा भाग उचलायला मूल शिकलेलं असतं. मग दोन्ही रेघा बरोबरीने चढतात आणि खऱ्या परिणामाचाच पुरावा पुसला जातो. कंट्रोल असा ध्वनी घ्या जो त्याच मुलाला तितकाच अवघड आहे, पण जिभेची हालचाल निराळी आहे. ‘क’ची थेरपी असेल तर ‘राम’ला ‘लाम’ म्हणणाऱ्या मुलाचा ‘र’ चालतो.

थेरपी सुरू करायचा दिवस

बेसलाइन ‘स्थिर’ होईपर्यंत थांबायचं आणि मग सुरू करायचं, ही सवय सगळीकडे आहे. इथेच माप पहिल्यांदा झुकतं. अडखळत बोलणं दिवसागणिक कमी-जास्त होतं. पालक मुलाला घेऊन येतात तेच वाईट आठवड्यात. बेसलाइनचा शेवटचा प्रोब वाईट आला की ‘आता सुरू करूया’ असं वाटतं, आणि वाईट दिवसानंतरचा दिवस थेरपी नसली तरी साधारण त्याहून बरा असतो. अडखळण्यातली ही आपोआप झालेली घसरण थेरपीच्या खात्यात जमा होते.

उपाय चिठ्ठीचा आहे. समजा एका मुलाचे एकूण ३० प्रोब होणार आहेत, आणि बेसलाइन व थेरपी दोन्हींत किमान पाच-पाच हवेत. म्हणजे थेरपी सहाव्या प्रोबपासून सव्विसाव्यापर्यंत कधीही सुरू होऊ शकते: २१ शक्यता. पहिल्या प्रोबच्या आधीच २१ चिठ्ठ्यांतून एक दुसऱ्या कुणीतरी काढावी, पाकिटात बंद करावी आणि थेरपिस्टला फक्त आदल्या दिवशी सांगावी. याचा आणखी एक फायदा आहे: रँडमायझेशन टेस्ट करता येते, म्हणजे चिठ्ठीत दुसरा दिवस निघाला असता तर फरक किती दिसला असता हे ताडता येतं. मिळालेला फरक २१ संभाव्य दिवसांपैकी सर्वांत मोठा निघाला तर पी-मूल्य (एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) १/२१, म्हणजे ०.०४८. शक्यता १९ किंवा कमी असतील तर ०.०५ च्या खाली जाताच येत नाही, मग आलेख कितीही देखणा असो.

मल्टिपल बेसलाइनमध्ये कुठल्या मुलाची थेरपी आधी, हा क्रमही चिठ्ठीने ठरवा. तीन मुलांचे क्रम ६ होतात, म्हणून सर्वांत लहान पी-मूल्य ०.१६७. चार मुलांचे २४, म्हणजे ०.०४२. तिसऱ्यावर न थांबता चौथं मूल शोधणं म्हणूनच कष्टाचं असलं तरी मोलाचं आहे. ज्याचे पालक जास्त मागे लागतात त्याला आधी घेणं माणुसकीचं वाटतं, पण तेच पालक घरी जास्त सराव करून घेतात, आणि पहिली रेघ त्या सरावाने चढते.

बेसलाइन फारच हेलकावे खात असेल आणि थांबणं भागच असेल, तर निर्णय आलेख बघणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीकडे द्या. तिला मुलाचं नाव, ध्वनी, थेरपी यातलं काही सांगू नका. फक्त ठिपके दाखवा. आणि बेसलाइन जास्तीत जास्त किती लांबवायची तेही आधी लिहा. थांबल्याने नुकसान होईल अशा मुलाला या रचनेत घेऊच नये.

शब्दयादीत लपलेली सुधारणा

पक्षाघातानंतरच्या वाचाघातात (मेंदूला इजा झाल्याने शब्द न आठवण्यात) हा दोष सर्वांत जास्त दिसतो. रुग्णाला १०० चित्रं एकदा दाखवायची, जी ओळखता आली नाहीत ती थेरपीला घ्यायची, आणि तीच पहिली चाचणी बेसलाइन म्हणून आलेखावर टाकायची. समजा, हे असे शब्द आहेत जे रुग्णाला कुठल्याही दिवशी निम्म्या वेळा आठवतात. आज न आठवलेले २० निवडले तर बेसलाइन शून्य दिसेल, आणि पुढच्या चाचणीत थेरपी न देताच सरासरी १० बरोबर येतील. रेघ शून्यावरून पन्नास टक्क्यांवर गेली, आणि केलं काहीच नाही.

म्हणून निवडीची चाचणी वेगळी, बेसलाइन वेगळी. निवड दोन-तीन चाचण्यांवर करा, त्या आकड्यांना आलेखावर जागा देऊ नका, आणि निवडीनंतर किमान पाच नवे प्रोब घ्या. निवडलेले ६० शब्द २०-२० च्या तीन गटांत चिठ्ठीने वाटा: पहिल्याला थेरपी, दुसऱ्याचा फक्त नियमित प्रोब, तिसऱ्याचा प्रोब केवळ सुरुवातीला आणि शेवटी. दुसरा गट तिसऱ्यापेक्षा पुढे गेला तर तो पुन्हा पुन्हा विचारल्याचा परिणाम समजा. वाटणीनंतर तिन्ही गटांत शब्दांची लांबी आणि वापरातली सवय साधारण सारखी आहे का ते बघा. एका गटात ‘पाणी, घर, हात’ आणि दुसऱ्यात ‘अडकित्ता, उखळ, सुपली’ असं झालं तर वाटणी पुन्हा करा, पण प्रोब सुरू व्हायच्या आधी. झटक्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो. त्या काळात तर तिन्ही गटांशिवाय काही सिद्धच होत नाही.

मराठी ध्वनींच्या यादीत आणखी एक सापळा आहे. लिपीत एक ‘च’ असला तरी तोंडात दोन आहेत: ‘चाक’मधला दंत्य आणि ‘चार’मधला तालव्य. ‘ज’चंही तसंच. बेसलाइनच्या यादीत एक जास्त आणि थेरपीनंतरच्या यादीत दुसरा जास्त आला तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजताय. यादी अक्षरावरून नको, उच्चारावरून करा.

सरावाचे शब्द आणि प्रोबचे शब्द एकच असतील तर आलेख फक्त पाठांतर दाखवतो. किमान १० शब्द असे ठेवा ज्यांचा सराव कधीच होत नाही.

प्रोब घेताना होणारी मदत

मूल ‘र’पाशी अडलं की थेरपिस्टच्या ओठांची आपोआप हालचाल होते, भुवया वर जातात, मान हलते. मूल हे सगळं वाचतं. बेसलाइनमध्ये अजून ओळख नसते म्हणून मदत कमी होते, नंतर वाढते. शक्य असेल तर प्रोब दुसऱ्याने घ्यावा. ते जमत नसेल तर पायऱ्या लिहून भिंतीवर लावा: चित्र दाखवा, एकदाच ‘हे काय आहे?’ विचारा, पाच सेकंद थांबा, उत्तर आलं नाही तर पुढचं चित्र. शाबासकी बरोबर उत्तराला द्यायची नाही, दर तिसऱ्या चित्रानंतर, बसून काम केल्याबद्दल द्यायची, आणि हे बेसलाइनपासून.

प्रोब सेशनच्या सुरुवातीला घ्या. वीस मिनिटं ‘र’ घोकून झाल्यावर लगेच घेतलेला प्रोब त्या दिवसाचा ताजेपणा मोजतो. थेरपीसुद्धा ठरल्याप्रमाणे होतेय का, याचीही यादी हवी: दहा पायऱ्या, प्रत्येकीपुढे झाली-नाही. थेरपीच्या किमान पाचव्या हिश्श्याचे व्हिडिओ बाहेरच्या कुणाकडून या यादीवर तपासून घ्या.

मार्क कोण देतो

सगळ्यांत जास्त वेळ इथे घाला. अर्धवट ‘र’ ऐकला की थेरपीपूर्वी चूक आणि थेरपीनंतर ‘आलाच की जवळजवळ’ असं आपलं सगळ्यांचं होतं. कानाला जे ऐकायचं असतं तेच तो ऐकतो.

त्यासाठी कानाला टप्पा कळू द्यायचा नाही. प्रत्येक प्रोब वेव्ह (.wav) स्वरूपात रेकॉर्ड करा, माइक तोंडापासून दर वेळी तेवढ्याच अंतरावर, साधारण १५ सेंटिमीटर. मग रेकॉर्डिंगमधून फक्त शब्द कापा. ‘शाब्बास’, ‘आज पंधरावा ना?’, बाहेरचा पाऊस, यातलं काहीही राहिलं तर ऐकणाऱ्याला अंदाज येतो. एक्सेलमध्ये प्रत्येक फाइलपुढे यादृच्छिक आकडा टाका, त्यावरून क्रम लावा, फाइलींना त्याच क्रमाचे नंबर द्या आणि कुठला नंबर कुठल्या प्रोबचा हे सांगणारा किल्लीचा कागद तिसऱ्याकडे ठेवा. व्हॉट्सॲपवरून व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका. त्या फाइलीच्या नावातच तारीख असते, आणि आवाज दाबला गेल्याने ‘स’ आणि ‘श’मधला फरक धूसर होतो. पेन ड्राइव्ह बरा.

क्लिनिकमध्ये एकटेच असाल तर अदलाबदल करा: कोल्हापूरचे प्रोब गडहिंग्लजचे थेरपिस्ट तपासतील, तिकडचे तुम्ही. पालकांच्या लेखी संमतीपत्रात आवाज बाहेर जाणार हे साध्या मराठीत लिहा. मूल ७ ते १२ वर्षांचं असेल तर त्याची तोंडी आणि १२ ते १८ मधलं असेल तर लेखी सहमतीही लागते.

दोन तपासणाऱ्यांचे मार्क जुळतात का ते प्रत्येक टप्प्यातल्या किमान २० टक्के प्रोबवर बघायचं असतं. पाच प्रोबांच्या बेसलाइनमध्ये २० टक्के म्हणजे एकच प्रोब, त्यावर भिस्त ठेवू नका. एक-तृतीयांश धरा, म्हणजे पाचात दोन. कुठले, ते चिठ्ठीने. पहिला आणि शेवटचा निवडला की फरक मोठा असतो, आणि मोठ्या फरकावर सगळेच जुळतात.

किमान ८० टक्के जुळणी हा निकष सर्वांना पाठ असतो, पण तो फसवतो. हे उदाहरण करून बघा. २० शब्द, दोघांनीही १८ चूक आणि २ बरोबर दिले. बरोबर दिलेल्यांपैकी एकच शब्द दोघांचा समान आहे. म्हणजे १७ शब्द दोघांच्या मते चूक, १ दोघांच्या मते बरोबर, २ वर मतभेद. जुळणी १८/२०, म्हणजे ९० टक्के. आता योगायोगाने किती जुळलं असतं ते काढा: ०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१, म्हणजे ०.८२. योगायोग वजा करून उरलेली जुळणी, म्हणजे कप्पा, येतो (०.९० − ०.८२) ÷ ०.१८ = ०.४४. कप्पाचा किमान निकष ०.६०चा आहे. बेसलाइनमध्ये, जिथे जवळजवळ सगळंच चूक असतं, तिथे टक्केवारी नेहमी अशी फुगते. दोन्ही आकडे द्या.

तोतरेपणात तर बेरीज जुळवून उपयोगच नाही. दोघांनी २४-२४ अडखळणी मोजल्या, पण वेगवेगळ्या जागी, तर जुळणी शंभर टक्के दिसते आणि असते शून्याजवळ. प्रत्येक अडखळण लिहून घेतलेल्या मजकुरावर खूण करून जागेसकट ताडा. शिवाय शंभर अक्षरांमागे किती अडखळली हे काढताना छेद कसा मोजायचा तेही ठरवा. ‘कमळ’ लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच तुकडे: क-मळ. ‘राजारामपुरी’ लिहिताना सहा, बोलताना पाच. एक जण लिपीवरून आणि दुसरा कानावरून मोजत असेल तर तेच बोलणं दोन वेगळे टक्के देतं. कानावरून मोजा.

आणि आपल्या भागातली गोष्ट: पन्हाळा-राधानगरीकडचं मूल ‘पानी’, ‘कोन’, ‘साळा’ म्हणत असेल तर तो त्याच्या घरचा उच्चार आहे, दोष नाही. बेसलाइनमध्ये ते चूक धरलं आणि पुढे मूल क्लिनिकात शाळेसारखं ‘पाणी’ म्हणायला शिकलं, की आलेख चढतो. सुधारलं काय, तर पाहुण्यासमोर बोलायची पद्धत. आई-वडिलांचं १० मिनिटांचं बोलणं आधी रेकॉर्ड करा, घरच्या उच्चारांची यादी करा आणि ती दोन्ही तपासणाऱ्यांना सुरुवातीलाच द्या. घरात ‘ण’चा ‘न’ होत असेल तर ‘ण’ थेरपीचं लक्ष्यच ठेवू नका.

पालकांचं मतही घ्या, पण मुख्य मोजमाप म्हणून नको. फी भरलेली, एसटीने दोन तास आलेली आई ‘आता लई भारी बोलतोय बघा’ असं मनापासून म्हणते. तेही खरंच असतं, पण ते वेगळ्या गोष्टीचं मोजमाप आहे.

आलेख आणि आकडा

उभा अक्ष शून्यापासून शंभरपर्यंत. टप्पा बदलतो तिथे रेघ तोडा. चुकलेला प्रोब असेल तिथे मोकळी जागा सोडा, ठिपके जोडू नका.

परिणामाचा आकडा कुठला काढणार ते आधीच लिहा. सगळे काढून मोठा निवडायचा नाही. बेसलाइनचा प्रत्येक प्रोब थेरपीतल्या प्रत्येक प्रोबशी जोडून तुलना करणारा एनएपी बरा आहे, पण त्याला चढ कळत नाही. बेसलाइन २, ३, ४, ५, ६ आणि थेरपीत ७ ते १४ अशी सरळ चढती रांग असेल तर ४० च्या ४० जोड्या थेरपीच्या बाजूने पडतात, एनएपी १.००. प्रत्यक्षात रेघ ज्या चालीने चढत होती त्याच चालीने चढत राहिली. बेसलाइनमध्येच चढ दिसला तर ताऊ-यूसारखा चढ वजा करणारा आकडा घ्या.

पंचांग, पाऊस आणि गळालेली मुलं

कोल्हापुरात ३० प्रोबांचं वेळापत्रक आखताना जुलै-ऑगस्ट गृहीत धरू नका. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांसारखे रस्ते बंद झाले की मुलं येत नाहीत, आणि मग फोनवर प्रोब घ्यायचा मोह होतो. टप्प्याच्या मधेच क्लिनिकवरून फोनवर गेलात तर मोजपट्टीच बदलते. फोनचा पर्याय हवाच असेल तर बेसलाइनमध्येही दोन-तीन प्रोब फोनवर घेऊन ठेवा आणि दोन्ही प्रकार आलेखावर वेगळ्या खुणांनी दाखवा. नाहीतर तो प्रोब रिकामा सोडा. ऊसतोड कुटुंबांतली मुलं हंगाम संपला की गावी परततात. फेब्रुवारीत सुरू केलेली लांब बेसलाइन त्यांच्यासाठी अर्धवटच राहणार, हे आधी धरा.

अर्धवट राहिलेली मुलं लेखातून नाहीशी होतात, आणि हे झुकतं माप आलेखावर दिसतच नाही. पाच मुलं घेतली, तीन सुधारली, तिघांचा लेख झाला. म्हणून पहिल्या प्रोबच्या आधी नोंदणी करा. भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणीला पैसे लागत नाहीत, नीतिसमितीचं पत्र लागतं, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच केलेली नोंदणीच चालते. नोंदीत मुलांची संख्या, ध्वनी, शब्दयादी, चिठ्ठीची पद्धत, मुख्य मोजमाप आणि आकडा लिहा. लेख लिहिताना असे अभ्यास कसे मांडावेत हे सांगणाऱ्या २०१६ च्या स्क्राइब मार्गदर्शिकेतले २६ मुद्दे समोर ठेवा. त्याआधी अशा अभ्यासांचा दर्जा मोजणाऱ्या रोबिंट मोजपट्टीवर स्वतःच गुण देऊन बघा: १५ मुद्दे, प्रत्येकी शून्य ते दोन, एकूण ३०. चिठ्ठी आणि तपासणाऱ्याला टप्पा न कळणं, याच ओळींवर बहुतेक अभ्यासांना शून्य पडतो, आणि लेख लिहिताना ते भरून काढता येत नाही.

ज्या मुलाची रेघ सपाट राहिली त्याचा आलेखही त्याच पानावर, त्याच मापाचा छापा. त्याच्याखाली त्या मुलाला मिळालेल्या सेशनची संख्या आणि पायऱ्यांच्या यादीतले टक्के लिहा. थेरपी लागू पडली नाही की नीट दिलीच गेली नाही, हे पुढच्या थेरपिस्टला तेवढ्यावरून कळतं.